सहा महिने ते तीन वर्षे: मधल्या काळाला वाली कोण?

पाळणाघर बरे की आईने घरी राहणे बरे, हा वाद आपल्याकडे दोन पिढ्या तरी चालू आहे. बारशाला जमलेल्या बायकांमध्येच त्याला तोंड फुटते. एकीकडून ‘पैशापायी लेकरू परक्याच्या हाती दिले’ हा टोमणा, दुसरीकडून ‘एवढे शिकून घरीच बसायचे होते का’ हा सवाल. दोन्ही बाजूंकडे नात्यातली, शेजारपाजारची उदाहरणे तयार असतात आणि उदाहरणांनी वाद मिटल्याचे कुणी कधी पाहिलेले नाही. या सगळ्यात एक साधा हिशेब मात्र राहून जातो. कायद्याने मिळणारी प्रसूती रजा २६ आठवड्यांची. मूल सहा महिन्यांचे होते आणि रजा संपते. अंगणवाडीत मूल बसू लागते ते तिसऱ्या वर्षापासून. त्याआधी अंगणवाडीतून मिळतो तो घरी न्यायचा शिधा, सांभाळ नव्हे. मधली अडीच वर्षे मूल कुणी बघायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. आई विरुद्ध पाळणाघर हे भांडण म्हणजे या अडीच वर्षांच्या खिंडारावर घातलेले पांघरूण आहे, असे मला वाटते. मूल कोणत्या छपराखाली आहे यापेक्षा ते कुणाच्या हाती आहे, त्या एका माणसाच्या वाट्याला किती मुले आहेत आणि ते माणूस टिकते की दर चार महिन्यांनी बदलते, यावर बहुतेक सारे ठरते. त्याला पैसा लागतो, आणि तो एकट्या आईबापांच्या खिशातून निघणारा नाही.

आधी आईच्या मायेचा मुद्दा घेऊ, कारण आवाज चढतात ते तिथेच. आईपासून दुरावलेले मूल मनाने खुरटते, या समजुतीला शास्त्राचे बळ मिळाले ते मुख्यतः जॉन बोल्बी यांच्या १९५१ च्या अहवालाने. जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेला हा अहवाल प्रामुख्याने घराला पारख्या झालेल्या, संस्थांमधून वाढणाऱ्या मुलांविषयी होता. सकाळी सोडलेले आणि संध्याकाळी आईच्या कडेवर परतणारे मूल हा त्याचा विषय नव्हता. अशा मुलांचा मोठा माग अमेरिकेत काढला गेला. १९९१ मध्ये जन्मलेल्या १,३०० हून अधिक मुलांकडे तिथल्या राष्ट्रीय बालआरोग्य संस्थेच्या अभ्यासाने थेट पंधराव्या वर्षापर्यंत लक्ष ठेवले. मूल दिवसभर दुसऱ्याकडे असते, एवढ्या एका कारणाने त्याची आईविषयीची ओढ कमी झाल्याचे त्यात दिसले नाही. आई मुलाला किती समजून घेते, घरची मिळकत आणि शिक्षण कसे आहे, याचा प्रभाव पाळणाघराच्या प्रभावापेक्षा मोठा निघाला. चांगल्या पाळणाघरातली मुले भाषेत आणि आकलनात थोडी पुढे होती. फार तास पाळणाघरात काढणारी थोडी जास्त हट्टी, भांडखोर होती, पण काळजी वाटावी इतकी नव्हे. घाबरवणाऱ्यांना हवे होते तेवढे या निष्कर्षांत नाही आणि ‘काही फरक पडत नाही’ म्हणणाऱ्यांनाही ते पुरते सोयीचे नाहीत.

आता ‘चांगले पाळणाघर’ म्हणजे काय ते जवळून पाहू. शहरातले नेहमीचे पाळणाघर डोळ्यांसमोर आणा. दोन-तीन खोल्यांचा फ्लॅट, भिंतीवर फळांचे आणि प्राण्यांचे तक्ते, दाराशी नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या पिशव्या, त्यात कपड्यांचा जादा जोड आणि मऊ भाताचा डबा. आठ वाजता पहिले मूल येते, लोकल चुकलेल्या आईचे शेवटचे मूल रात्री आठला जाते. चालवणाऱ्या काकू बहुधा मायाळूच असतात. पण सव्वा वर्षाची सात मुले आणि एक मावशी असली, की एकाचे दुपटे बदलताना दुसरे रडते आणि तिसरे कुणाची तरी चप्पल तोंडात घालते. मग टीव्ही लागतो. तो मावशी वाईट आहे म्हणून लागत नाही, तिला दोनच हात आहेत म्हणून लागतो. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक सांभाळणारी व्यक्ती असावी असा नियम आहे. तो इथे लावून बघा. तीन घरांच्या फीमधून एका बाईचा पूर्ण पगार, जागेचे भाडे, दूध आणि वीज निघायला हवी. असे करायचे तर फी मध्यमवर्गालाही परवडणार नाही. फी परवडेल अशी ठेवायची तर मावशीचा पगार इतका तुटपुंजा होतो की दोन जादा घरच्या पोळ्यांचे काम मिळताच ती सोडून जाते. मुलाला पुन्हा नव्या चेहऱ्याची सवय लावावी लागते. हे गणित बाजाराला सुटत नाही, कुठेच सुटलेले नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण सीसीटीव्हीमुळे उघडकीस आली, तेव्हा सगळीकडून कॅमेऱ्यांची मागणी झाली. कॅमेरे जरूर लावावेत. पण कॅमेऱ्याने मार दिसतो, दुसरी मावशी मिळत नाही.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे, मग आईनेच घरी राहावे, आपल्या आया-आज्यांनी नाही का वाढवली मुले? वाढवली, पण एकट्याने नव्हे. वाड्यात किंवा चाळीत मूल रांगत शेजारच्या खोलीत जायचे. आत्या, काकू, थोरली बहीण, समोरची आजी यांच्यात ते दिवसभर फिरायचे. सांभाळणारे हात कितीतरी होते. आजच्या फ्लॅटमध्ये दार बंद झाले की उरते एक आई, एक मूल आणि ओट्यावरची कामे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, तर घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ९७. म्हणजे ‘घरी राहणारी आई’ दिवसभर मुलाशी खेळत असते हे चित्रच खोटे आहे. ती स्वयंपाक, धुणी, भांडी यांच्या फटीत मूल बघत असते आणि तिच्याही मदतीला अनेकदा मोबाइलच येतो. आजी-आजोबा असतील तर उत्तम, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाने दीड वर्षाच्या मुलामागे दहा तास धावावे ही व्यवस्था नव्हे, उपकार आहेत. आणि घरी राहायचे ते आईनेच, हे या वादात इतके गृहीत असते की बापाचा उल्लेखही होत नाही. केंद्र सरकारी नोकरीत बापाला मिळणारी रजा १५ दिवसांची आहे. खासगी नोकऱ्यांत तेवढीही मिळेल याची खात्री नाही.

शिवाय हा सगळा वाद ज्यांना निवड करता येते त्यांचा आहे. बीड, अहिल्यानगर, जालना भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्याला कुणी विचारत नाही की बाई, घरी राहणार की मूल पाळणाघरात ठेवणार. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो, मुकादमाकडून उचल दोघांच्या नावावर घेतलेली असते, त्यामुळे बाईला मागे राहता येत नाही. मूल कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहते नाहीतर फडाच्या कडेला झोळीत, आणि त्याला बघायला आठ-दहा वर्षांची बहीण. महाराष्ट्रातले सर्वांत मोठे पाळणाघर म्हणजे ही थोरली बहीण, आणि तिची फी म्हणजे तिची शाळा. शहरात वेगळे काही नाही. नोकरदार आईच्या बाळाला सांभाळायला येणारी बाई स्वतःचे मूल वस्तीत कुणाच्या तरी भरवशावर टाकून आलेली असते. आईने घरी राहावे असा आग्रह धरणाऱ्यांनी या आईविषयी कधी तोंड उघडल्याचे आठवत नाही.

थोरल्या भावंडाच्या बुडणाऱ्या शाळेची ही गोष्ट ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना फार आधी कळली होती. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम करताना त्यांना दिसले, की धाकट्या भावंडाला सांभाळायचे असते म्हणून मोठी मुले शाळेत येत नाहीत. तेव्हा त्यांनी धाकट्यालाही सोबत आणा म्हटले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका जागी, अशी त्यांची विकासवाडी त्यातून उभी राहिली. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने अंगणवाडी देशभर पोचली, पण तान्ह्यांचे पाळणाघर मागेच राहिले.

कायद्याने काहीच केले नाही असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने आधी पन्नासहून अधिक आणि १९७६ पासून तीसहून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्याला पाळणाघर सक्तीचे केले. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने रजा १२ आठवड्यांवरून २६ वर नेली आणि पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची अट घातली. या वेळी मोजणी फक्त बायकांची नाही, सगळ्यांची, ही सुधारणा महत्त्वाची. तीच तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेतही आली आहे. पण रजेचा पगार कर्मचारी राज्य विम्याबाहेरच्या बाईसाठी एकट्या मालकाने द्यायचा आणि पाळणाघरही त्यानेच चालवायचे. अशाने तिशीतल्या बाईला नोकरीवर घेताना मालक मनात काय हिशेब करतो, हे सांगायला नको. शेतमजूर, घरकामगार, फेरीवाल्या यांना तर मालकच नाही किंवा एकाच वेळी पाच मालक आहेत. काम करणाऱ्या बहुसंख्य बायका या कायद्यांच्या कक्षेबाहेरच राहतात.

म्हणून हा खर्च सरकारने उचलावा असे म्हटले, की दोन आक्षेप येतात. पहिला भक्कम आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने १९९७ पासून दिवसाला ५ डॉलरमध्ये पाळणाघर द्यायला सुरुवात केली. आयांची नोकरी वाढली, पण २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात मुलांमध्ये चिंता आणि आक्रमकपणा वाढल्याचे आढळले. हा निष्कर्ष टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही. मात्र तिथे जागा झपाट्याने वाढवल्या गेल्या, बऱ्याच केंद्रांचा दर्जा जेमतेम निघाला आणि नफ्यासाठी चालवलेली केंद्रे ना-नफा केंद्रांच्या मागे राहिली. संख्या वाढवून हात न वाढवल्यास काय होते, याचा तो दाखला आहे. त्यातून आणखी एक शहाणपण घ्यायला हवे: अगदी तान्ह्या मुलाला दहा-दहा तास पाळणाघरात ठेवण्याची वेळच येऊ नये. स्वीडनमध्ये दोन्ही पालकांना मिळून ४८० दिवसांची सपगार रजा असते आणि पहिल्या वर्षाच्या आतले मूल पाळणाघरात क्वचितच दिसते. पहिले वर्ष घरी, आईबाप दोघांच्या रजेत वाटून, आणि त्यानंतर चांगले पाळणाघर, अशी मांडणी घरी राहण्याच्या बाजूचा रास्त भाग मान्यच करते. दुसरा आक्षेप असा, की ज्या घरची बाई स्वतः मूल सांभाळते त्यांनी दुसऱ्याच्या पाळणाघरासाठी कर का भरावा? मूलबाळ नसलेला माणूसही जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी कर भरतो. सहाव्या वर्षी जे न्याय्य ते दुसऱ्या वर्षी अन्याय्य कसे? आणि गावातले पाळणाघर घरी राहणाऱ्या आईलाही उघडे असावे. दवाखान्यात जायचे असेल किंवा नुसती तासभर पाठ टेकायची असेल, तर तिलाही कुठे तरी मूल ठेवायचे असतेच.

हे आपल्या आवाक्याबाहेरचे नाही, हे शेजाऱ्यांनी दाखवले आहे. छत्तीसगडमध्ये गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग या डॉक्टरांच्या संस्थेने जंगलातल्या गावांत ‘फुलवारी’ चालवल्या. मुले सहा महिने ते तीन वर्षांची, सांभाळणारी बाई गावातलीच, दिवसभरात ताजे जेवण; आई निश्चिंतपणे कामाला. पुढे राज्य सरकारनेही ती कल्पना उचलली. कर्नाटकाने २०२३-२४ पासून रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी ‘कूसिना मने’ नावाची पाळणाघरे चार हजार ग्रामपंचायतींत काढायचे ठरवले. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेचे लक्ष्य मात्र १७ हजार अंगणवाडी-पाळणाघरांचे आहे, आणि देशात अंगणवाड्या आहेत सुमारे १४ लाख. महाराष्ट्राने यात पुढे यावे, पण एक पथ्य पाळून: हे काम आज मानधनावर राबणाऱ्या अंगणवाडी सेविकेच्याच गळ्यात घालू नये. नोंदवह्या, लसीकरण, शिधा, मोबाइलवरची माहिती भरणे, त्यात आणखी आठ तान्ही मुले, असे केले तर क्वेबेकपेक्षा वाईट होईल. प्रत्येक पाळणाघराला वेगळी, प्रशिक्षित आणि पगारी माणसे हवीत.

सुरुवात उसाच्या फडापासून करावी. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी राज्यात स्वतंत्र महामंडळ आहे, गाळप झालेल्या उसावर टनामागे १० रुपये कारखान्यांनी त्याला द्यायचे असा निर्णयही झालेला आहे. त्या पैशातून प्रत्येक कारखान्याच्या कोपीवस्तीवर पुढच्या हंगामाच्या पहिल्या दिवसापासून पाळणाघर उघडावे.