उखडलेल्या रुळांची वाट

बिदर आणि कलबुर्गी हे एकमेकांना लागून असलेले जिल्हे. दोन्हीकडच्या सोयरिकी जुन्या आणि बाजारही एकमेकांत गुंतलेले. तरीही बिदरहून सरळ कलबुर्गीस आगगाडीने जाण्याचा योग यावयास २०१७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी २९ ऑक्टोबरला पंतप्रधानांच्या हस्ते बिदर येथे ह्या सुमारे ११० किलोमीटरच्या मार्गाचे उद्घाटन झाले. मंजुरी मिळाल्यापासून गाडी धावेपर्यंत जवळजवळ वीस वर्षे लोटली. जमिनीची एक सलग, अरुंद पट्टी दोन शहरांमध्ये मिळवणे किती जिकिरीचे असते ह्याची कल्पना ह्या प्रदेशातील लोकांना जितकी आहे तितकी क्वचितच कोणाला असेल.

वाचकहो, हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की आज आपणास बोलावयाचे आहे ते नव्या मार्गाविषयी नव्हे, तर टाकून दिलेल्या मार्गाविषयी. त्यासाठी फार दूर जावयास नको. बिदर जिल्ह्याच्या शेजारीच लातूर आहे. लातूर शहरात ‘जुनी रेल्वे लाईन’ हा आजही पत्ता म्हणून चालतो. दुकानांच्या पाट्यांवर तो लिहिलेला असतो, दवाखान्यांच्या चिठ्ठ्यांवर छापलेला असतो. मात्र ज्या रुळांवरून हे नाव पडले ते रूळ आता तेथे नाहीत.

ते रूळ बार्शी लाईट रेल्वेचे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने ही रेल्वे उभारली. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डूवाडी, येथून बार्शीपर्यंत पहिली गाडी धावली. दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. एवढ्याशा रुळांवर जड माल कसा जाणार, अशी पुष्कळांना शंका होती. कॅलथ्रॉपने उत्तर असे दिले की प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यावयाचा नाही, पण आस मात्र अधिक ठेवावयाचे. त्याच हिशेबाने त्याने डबे बांधले, आणि इकडे पाठविण्यापूर्वी ते इंग्लंडात लीड्सजवळ चालवून दाखविले. पुढे हा मार्ग एकीकडे पंढरपूरपर्यंत गेला, १९११ साली लातुरास पोहोचला आणि १९२७ साली मिरजेस. सारी लांबी २०२ मैल, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटर. बार्शी-लातूरचा कापूस व धान्य आणि आषाढी-कार्तिकीचे वारकरी हे त्याचे मोठे गिऱ्हाईक. १९५४ साली सरकारने ही कंपनी विकत घेतली. (कॅलथ्रॉपने पुढे विमानातून उडी घेणाऱ्यांसाठी हवाई छत्रीही तयार केली. १९२७ साली, म्हणजे मार्ग मिरजेस पोहोचला त्याच वर्षी, तो वारला.)

पुढे काळ बदलला आणि अडीच फुटांची गाडी अपुरी पडू लागली. तेव्हा मार्ग रुंद करण्याचे काम टप्प्याटप्प्याने झाले. कुर्डूवाडी ते लातूर हा भाग २००७-०८ मध्ये रुंद झाला. रुंद मार्गास वळणे अधिक मोठी लागतात, म्हणून कित्येक ठिकाणी नवे रूळ जुन्या जागी न टाकता बाजूने नेले. धाराशिव शहर पूर्वी ह्या मार्गावर नव्हते, ते नव्या मार्गात आले. लातूरचे स्थानकही गावातून बाहेर हलले. रुंदीकरण योग्यच होते, त्याविषयी दुमत असू नये. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानेने व्याकूळ झाले असता मिरजेहून पाण्याने भरलेल्या वाघिणी घेऊन जी गाडी आली, ती ह्याच रुंद झालेल्या मार्गाने आली. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते आणि पुढच्या गाड्यांत पंचवीस लाख लिटर. शंभर वर्षांपूर्वी कोणी एकाने कापसासाठी आखलेली वाट शंभर वर्षांनंतर माणसांची तहान भागविण्यास उपयोगी पडेल, हे कोणाच्या ध्यानीमनी असणार?

प्रश्न उरतो तो बाजूला पडलेल्या जुन्या तुकड्यांचा. रूळ उखडून गेले, पण भराव, खोदाई, मोऱ्या आणि लहान पूल ह्यांचे पुढे काय करावयाचे?

येथे त्याच कॅलथ्रॉपची दुसरी एक रेल्वे आठवते. बार्शीचा अनुभव गाठी बांधून त्याने इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यातून तशीच अडीच फुटी गाडी नेली. ती १९०४ साली सुरू झाली. तिच्या इंजिनांवर हिंदुस्थानातल्यासारखे मोठे दिवे आणि उन्हापासून आडोसा देणारी छपरे होती. त्या थंड मुलुखात ती पाहून लोकांना गंमत वाटली असणार! दूध वाहून नेणे हा तिचा मुख्य धंदा. दूध मोटारींनी जाऊ लागले तशी गाडी तोट्यात गेली आणि १९३४ साली बंद पडली. रूळ निघाले. परंतु रेल्वे कंपनीने ती पट्टी तुकडे करून विकली नाही. ती तिने स्थानिक कौंटीच्या कारभाऱ्यांच्या स्वाधीन केली, आणि १९३७ साली तिच्यावर चालणाऱ्यांसाठी सुमारे आठ मैलांची वाट खुली झाली. ती आजही आहे. एका भागात तीवरून मोटारीही जातात, आणि स्वेन्सली येथील बोगद्यातून पादचारी, सायकली व मोटारी एकमेकांना सांभाळून जातात. एकाच माणसाने आखलेल्या दोन मार्गांपैकी एक अशा रीतीने लोकांची पायवाट झाला.

पुढे ही कल्पना जगभर पसरली. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय आणि स्पार्टा ह्या दोन गावांमधील बंद पडलेल्या रेल्वेच्या सुमारे ५१ किलोमीटरच्या पट्टीवर १९६०-७० च्या दशकात सायकलींची वाट झाली. तिच्यात तीन बोगदे आहेत. आसपासची गावे लहान, शेतीवाडीची. स्पेनमध्ये १९९३ पासून अशा वाटांना ‘हिरव्या वाटा’ हे नाव मिळाले. त्यांपैकी अंदालुसिया प्रांतातील एक वाट तर अशी आहे की तिच्यावरून आगगाडी कधी धावलीच नाही. बोगदे खणून झाले, भराव घालून झाले आणि रूळ पडण्याआधीच काम थांबले. तेथे आता माणसे चालतात.

रेल्वेची जागा चालण्यास एवढी सोयीची का, ह्याचे कारण साधे आहे. वजनदार गाडी ओढणाऱ्या इंजिनाला उभा चढ चढवत नाही, म्हणून अभियंता टेकडी खोदतो आणि ओढ्यावर भराव घालतो, पण चढ सौम्यच ठेवतो. म्हाताऱ्या माणसास, लेकुरवाळ्या बाईस, चाकांच्या खुर्चीतील अपंगास असा रस्ता दुसरीकडे सापडणार नाही. आपल्या ह्या काळ्या रानात तर त्याचे मोल अधिकच. पावसाळ्यात चिखल पायास धरतो, मुलांची शाळा बुडते, बाळंतिणीस दवाखान्यात न्यावयाचे तर बैलगाडी रुतते. रेल्वेचा भराव रानापेक्षा उंच असतो, त्यावर पाणी साचत नाही. वरची खडी चालणाऱ्याच्या पायास टोचते हे खरे. पण तिच्यावर मुरूम टाकून रूळगाडा फिरविला की वाट तयार. खोदाईच्या जागी मात्र दोन्ही बाजूंचे पाणी उतरते. तेथील गटारे दरवर्षी साफ केली नाहीत तर वाटेचा ओढा होईल. आणि जेथे पुलाच्या तुळया काढून नेल्या आहेत तेथे खरा खर्च आहे. असे काम हाती घेणाऱ्यांनी आधी पुलांचा हिशेब करावा आणि बाके व कमानी नंतर पाहाव्यात. आपल्याकडे उलट होते, कमान आधी उभी राहते!

आता शेतकऱ्यांची बाजू. “परकी माणसे आमच्या उभ्या पिकातून फिरतील, रात्री-अपरात्री कोण येईल, हरभऱ्याची आणि उसाची नासाडी होईल” ही भीती खोटी म्हणता येत नाही. ज्याच्या आजोबांनी रेल्वेसाठी जमीन दिली त्याला वाटते, रेल्वे गेली तर जमीन परत आमची व्हावी. अमेरिकेत हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथील १९८३ च्या कायद्याने असे ठरविले होते की बंद झालेल्या मार्गाची पट्टी तात्पुरती वाट म्हणून वापरावी आणि पुढे कधी गाडीची गरज पडली तर ती पुन्हा रेल्वेस द्यावी. १९९० साली न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला, परंतु ज्यांचे नुकसान होते त्यांना भरपाईचा दावा करता येईल असेही सांगितले. दोन्ही गोष्टी न्याय्य वाटतात.

ह्या कायद्यातील मर्म आपण घेण्याजोगे आहे. पट्टीचे खरे मोल तिच्या सलगपणात आहे. पाणंद कशी नाहीशी होते हे खेड्यातील माणसास सांगावयास नको. कोणी ती एकदम गिळत नाही. दरवर्षी बांध थोडा थोडा कोरला जातो, मग एके वर्षी गाडी अडते, आणि भांडण तहसीलदारापुढे जाते. रेल्वेच्या टाकलेल्या पट्टीची गत ह्याहून निराळी होणार नाही. एका ठिकाणी टपरी, दुसरीकडे गोठा, तिसरीकडे कोणा पुढाऱ्याचे संकुल. मध्ये दोनशे फूट तुटले की उरलेले दहा मैलही वाट म्हणून निरुपयोगी होतात, आणि उद्या रेल्वेसही निरुपयोगी. मग पुन्हा वीस वर्षे भूसंपादन! चालती वाट मात्र स्वतःची राखण करते. जेथून रोज शाळेची मुले जातात तेथे बांध कोरणाऱ्याचा हात आखडतो.

एक सावधगिरी मात्र हवी. विदर्भात यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ह्या मार्गावरील ‘शकुंतला’ ही अरुंद गाडी बंद पडली आहे आणि तेथील लोक ती रुंद रुळांवर पुन्हा धावावी म्हणून मागणी करीत आहेत. अशा लोकांपुढे जाऊन “गाडी विसरा, फिरावयास वाट घ्या” असे म्हणणे ही त्यांची थट्टा होईल. गरिबाला गाडी हवी असते, सहल नंतर. जेथे गाडीस दुसरा, अधिक चांगला मार्ग मिळाला आहे आणि जुनी पट्टी ओस आहे, तेथेच ही गोष्ट बोलावी.

तशा पट्ट्या बार्शी-लातूरच्या जुन्या मार्गावर आहेत. शहरातील भाग बहुतेक रस्त्यांत आणि बांधकामांत गेला असे धरून चालावे. रानातल्या भागांचा विचार आजही करता येईल. ज्यांच्या गावाच्या शिवारातून जुना भराव गेला असेल त्यांनी ग्रामसभेत प्रथम एवढेच मागावे की पट्टीची सरकारी मोजणी व्हावी आणि दोन्ही कडांना हद्दीचे दगड लागावेत. जमीन रेल्वेची असल्यामुळे ठराव रेल्वेकडेही पाठवावा लागेल, आणि उत्तर यावयास वेळ लागेल. मोजणी उन्हाळ्यात, रान मोकळे असताना करून घेणे बरे. पेरण्या झाल्यावर दगड रोवावयास कोणी आपल्या शेतात पाय ठेवू देत नाही.