शिक्षा कैदेची, आजाराची नव्हे

तुरुंगातील वैद्यकीय सेवेचा विषय निघाला की सुशिक्षित मंडळीही सहज म्हणून जातात, ‘गुन्हेगारांचे एवढे लाड कशाला?’ आम्हाला हा प्रश्नच मान्य नाही. न्यायालय कैद फर्माविते. क्षय वा हृदयविकार फर्मावीत नाही. शिवाय देशातील तुरुंगांत दर चारांतील सुमारे तिघे कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा अद्याप शाबीत व्हावयाचा आहे.

फादर स्टॅन स्वामी हे असेच कच्चे कैदी. वय ८३, कंपवाताने हात थरथरणारे. पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून २०२० साली त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. खटला सुरू होण्यापूर्वीच, ५ जुलै २०२१ रोजी, त्यांचे निधन झाले. जन्मठेप भोगणारे पांडू नरोटे २०२२ मध्ये नागपूर तुरुंगात असताना आजाराने वारले. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या खटल्यातील सर्वांना निर्दोष ठरविले. निकाल आला, पण माणूस उरला नव्हता.

कायद्याची वाण नाही. प्रत्येक तुरुंगात रुग्णालय वा आजाऱ्यांसाठी योग्य जागा हवी, असे परकीय सरकारच्या १८९४ च्या कायद्यानेही सांगितले होते. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत ३०० कैद्यांमागे एक डॉक्टर सुचविला आहे. घोडे अडते ते अधिकारापाशी. कैदी सोंग करतो की खरोखर आजारी आहे, हे ठरवावे कोणी, डॉक्टरने की पहारेकऱ्याने? डॉक्टरने इस्पितळात न्या म्हटले आणि सोबतीला पोलीस नाहीत म्हणून तारीख टळली, तर त्या चिठ्ठीची किंमत काय?

म्हणून तुरुंगाचा डॉक्टर तुरुंगाधिकाऱ्याच्या हाताखाली नव्हे, आरोग्य खात्याच्या हुकमतीत असावा. इंग्लंडने २००६ पर्यंत ही जबाबदारी सार्वजनिक आरोग्यसेवेकडे सोपविली. आपल्याकडेही डॉक्टरची चिठ्ठी तुरुंगावर बंधनकारक असावी आणि ती का पाळली गेली नाही, याचे लेखी उत्तर द्यावे लागावे. सरकारी कारभारात लेखी उत्तराचा धाक केवढा असतो, हे आम्ही नोकरीत पुरते पाहिले आहे.

आग्वादच्या तुरुंगात आपल्या वडीलधाऱ्यांनी पोर्तुगीज अमदानीत कैद भोगली. २०२१ पासून तेथे त्यांचे स्मारक आहे. आपण तेथे हात जोडतो. आग्वादचे कैदी २०१५ मध्ये कोलवाळला हलविण्यात आले. आमच्या मुळगावाहून कोलवाळ फार लांब नाही. जुन्या भिंतींपुढे नतमस्तक होणाऱ्यांनी नव्या भिंतींआडचे कण्हणे ऐकू नये, हे आपल्या गोमंतकाला शोभत नाही.