मोटारीचा दिवा आणि सीट : शोभेची वस्तू नव्हे, कामाचे हत्यार

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या मागांच्या गावांत व्यापाऱ्याची मोटार आता ऐषआरामाची चीज राहिलेली नाही. ती चालती पेढी आहे. डिकीत नमुन्यांचे तागे, मागच्या सीटवर हिशोबाच्या वह्या, आणि रात्री मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटमधून उधारी वसूल करून परतीचा प्रवास, असा आपल्यापैकी अनेकांचा आठवडा जातो. या गाडीच्या इंजिनाची, टायरची काळजी सर्वजण घेतात. आतला सरंजाम आणि दिवे मात्र सजावटीच्या खात्यात टाकले जातात. दुकानदार जे चमकदार दाखवील ते बसवायचे आणि बिघडेपर्यंत विसरायचे, अशी रीत पडली आहे. आमचे मत असे की ही रीत घातक आहे. जो कारखानदार मागाच्या धोट्यात रुपयाभर फरक पडला तर चौकशी करतो, त्याने या बाबतीत डोळे मिटून चालणार नाही.

दिवा कोणासाठी?

रात्री मुंबई-आग्रा रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाडीच्या पांढऱ्या झोताने डोळे दिपतात आणि दोन-तीन क्षण रस्ता दिसेनासा होतो, हा अनुभव प्रत्येकाचा आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. तीन सेकंद दिसले नाही तर गाडी 50 मीटर आंधळी धावली असे समजा. तेवढ्यात रस्ता ओलांडणारा माणूस असेल, बैलगाडी असेल, किंवा बंद पडलेला ट्रक असेल.

याचे एक कारण बाजारात मिळणारे एल.ई.डी.चे तयार संच. जुन्या पद्धतीच्या हॅलोजन दिव्यात, ज्याला एच-4 म्हणतात, दोन तारा असतात, अप्परची 60 वॅटची आणि डिप्परची 55 वॅटची. डिप्परच्या तारेखाली पत्र्याची एक बारीक वाटी असते. ती प्रकाशाचा अर्धा भाग अडवते, म्हणून झोत खाली रस्त्यावर पडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. मागची चकचकीत वाटी आणि पुढची काच ही त्या तारेच्या नेमक्या जागेचा हिशोब करून घडवलेली असतात. त्याच वाटीत दुसऱ्या आकाराचा एल.ई.डी. दिवा घुसवला की हिशोब मोडतो. प्रकाश जास्त दिसतो खरा, पण तो चहूकडे उधळलेला असतो. चालकाला वाटते आपले पैसे वसूल झाले. किंमत समोरचा मोजतो. कंपनीने कारखान्यातूनच एल.ई.डी. दिले असतील तर गोष्ट वेगळी, कारण तिथे पूर्ण दिवाच त्या हिशोबाने बनवलेला असतो. मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करण्यास मनाई करते, हेही ध्यानात असावे.

दुसरे कारण खास आपल्या धंद्याचे आहे. डिकीत कापडाचे तागे भरले की गाडीची शेपूट बसते आणि नाक वर उठते. नाक उठले की डिप्परसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. यावर तोड गाडीतच दिलेली आहे. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला 0 ते 3 आकड्यांचे एक लहान चाक असते. चालक एकटा असेल तर 0, आणि माणसे व माल जसजसा वाढेल तसतसा पुढचा आकडा. आकडा वाढला की झोत खाली उतरतो. नेमका कोणता आकडा कोणत्या वजनाला, हे गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत लिहिलेले असते. आमच्या ओळखीच्या व्यापाऱ्यांत या चाकाचा उपयोग ठाऊक असणारे बोटांवर मोजण्याइतके निघाले. फुकटात मिळालेली सोय न वापरता चार हजारांचे दिवे बसवणे हा कसला व्यवहार?

उजेड कमी पडतो अशी तक्रार असेल तर आधी दिव्याचे कव्हर पाहावे. ते काचेचे नसून बहुधा पॉलिकार्बोनेटचे असते आणि उन्हाने पिवळे पडते. चांगला कारीगर ते घासून, पॉलिश करून स्वच्छ करतो. पण वर ऊन रोखणारा थर दिला नाही तर ते पुन्हा पिवळे होते, म्हणून आधी तसे विचारून घ्यावे. हॅलोजन दिवा बदलताना त्याच्या काचेला उघडे बोट लावू नये. बोटाचे तेल तापून दिवा लवकर जातो. एका बाजूचा दिवा गेला तर दोन्ही बदलावेत, म्हणजे उजेड सारखा पडतो.

टेम्पोच्या मागे काय दिसते?

मोटारीची गोष्ट करताना मालाच्या टेम्पोला विसरता येणार नाही. गाठी भरल्यावर ताडपत्री अशी ओढली जाते की मागचे लाल दिवे आणि नंबरपाटी दोन्ही झाकली जातात. घाटात अशी गाडी हळू चढत असते आणि मागून येणाऱ्याला ती अंधाराचाच भाग वाटते. गाठी बांधणाऱ्या हमालाला मालकाने एवढेच सांगावे की दोरी दिव्याच्या वर बांध. चमकपट्टी तर अगदी थोड्या पैशांत मिळते. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल, हा तिचा क्रम आहे. ती धुळीने माखली की चमकत नाही, म्हणून दिव्यांबरोबर तीही ओल्या फडक्याने पुसावी.

आतला उजेड आणि वायरिंग

हल्ली गाडीच्या आत निळ्या-जांभळ्या पट्ट्या लावण्याची हौस वाढली आहे. हौसेला आमची ना नाही, पण चालत्या गाडीत रात्री आतला उजेड जितका जास्त तितके बाहेर कमी दिसते. समोरच्या काचेत त्या उजेडाचे प्रतिबिंब पडते आणि डोळ्याला अंधाराची सवय राहत नाही. आतला दिवा नकाशा पाहण्यापुरता, पावती शोधण्यापुरता, तोही गाडी बाजूला उभी करून लावावा. आरशाला टांगलेल्या वस्तूंचेही तेच. तसबीह हातात किंवा खिशात शोभते. आरशाला लटकून नजरेच्या आड येणे हा तिचा उपयोग नव्हे.

छतावरच्या दिव्याचे बटण तीन जागी फिरते. बंद, कायम चालू, आणि दार उघडल्यावर चालू. रात्री माल उतरवताना ते कायम चालूवर राहून जाते. असा 10 वॅटचा दिवा 12 व्होल्टवर जवळजवळ 0.8 अँपिअर ओढतो. दहा तासांत 8 अँपिअर-तास गेले. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण 35 अँपिअर-तासांची असते. म्हणजे पाव हिस्सा रात्रीत संपला. बॅटरी जुनी असेल तर सकाळी गाडी ढकलण्याची पाळी येते.

याहून गंभीर बाब फ्यूजची आहे. फ्यूजचा रंग उगाच दिलेला नसतो. लाल 10 अँपिअरचा, निळा 15 चा, पिवळा 20 चा, हिरवा 30 चा. फ्यूज उडाला म्हणजे वायरवर झेपेल त्यापेक्षा जास्त भार आला, असा तो निरोप आहे. निरोप न ऐकता त्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावणे, वा लालच्या जागी हिरवा ठोकणे म्हणजे आगीला आमंत्रण. ज्यांनी मागाच्या कारखान्यात शॉर्ट सर्किटने सूत जळताना पाहिले आहे त्यांना हे जास्त समजावण्याची गरज नाही. जादा दिवे लावायचेच असतील तर स्वतंत्र फ्यूज आणि रिले घालून लावावेत. मूळ वायर सोलून जोड देऊ नये. कापलेल्या वायरमुळे कंपनी वॉरंटी नाकारू शकते.

सीट कव्हर : इथे आम्ही कापडवाले म्हणून बोलतो

नवी गाडी घेतली की पहिले काम सीट कव्हर. ते शिवणारे हात बहुधा आपल्याच मोहल्ल्यातले असतात. कामाची सफाई पाहून आनंद वाटतो. पण दोन गोष्टी साफ सांगितल्या पाहिजेत.

पहिली, मागच्या सीटवर कव्हर ओढताना बेल्टची कुलपे खाली दाबून टाकली जातात. मागे बसणाऱ्याने बेल्ट लावायचे मनात आणले तरी कुलूप सापडत नाही. सप्टेंबर 2022 मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर बेल्टविना बसले होते. केंद्र सरकारच्या अहवालानुसार त्याच वर्षी देशात बेल्ट न लावल्यामुळे 16,715 माणसे दगावली. त्यांत 8,384 चालक आणि 8,331 प्रवासी होते. म्हणजे मरणारा जवळजवळ प्रत्येक दुसरा माणूस शेजारी किंवा मागे बसलेला होता. मागच्या सीटवर आपण कोणाला बसवतो? आईला, बीबीला, मुलांना. कव्हरात कुलपासाठी चिरा ठेवून तिला पट्टी मारणे हे दहा मिनिटांचे काम आहे. बेल्टचा गजर बंद पाडणाऱ्या खोट्या क्लिपाही दुकानांत टांगलेल्या दिसत. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना त्या विक्रीतून काढण्याचा आदेश दिला. आपल्या दुकानदारांनी असा आदेश दारात येण्याची वाट पाहू नये.

दुसरी गोष्ट एअरबॅगची. चालकाची एअरबॅग जुलै 2019 पासून आणि शेजारच्याची 2021 पासून नव्या गाड्यांना सक्तीची झाली. त्या स्टिअरिंग आणि डॅशबोर्डमध्ये असतात, म्हणून डॅशबोर्डच्या त्या झाकणावर शोभेच्या वस्तू चिकटवू नयेत. पण काही गाड्यांत पुढच्या सीटच्या कुशीतही एअरबॅग असते. सीटच्या बाजूला तशी चिठ्ठी शिवलेली असते. अशा सीटवर जाड रेक्झीनचे, दुहेरी शिलाईचे कव्हर घट्ट ओढले तर एअरबॅग वेळेवर बाहेर येऊ शकत नाही. तिथे ती बाजू मोकळी सोडावी, किंवा ठराविक जागी फाटेल अशा खास शिलाईचे कव्हर घ्यावे. शिलाई मजबूत असणे हा आपल्या धंद्यात गुण आहे; या एका जागी तो ऐब ठरतो.

आता कापड. रेक्झीन पुसायला सोपे, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात तापते, घाम जिरवत नाही आणि काही वर्षांनी तडकते. सुती कापड घाम पिते, धुता येते, पण धुतल्यावर आटते आणि रंग उडतो, म्हणून आधी आटवून मगच कापावे. पॉलिस्टरचे जाड विणकाम टिकाऊ असते. मखमल दिसते छान, पण धूळ धरते. मोटारीच्या आतल्या सामानाने आग किती वेगाने पसरू द्यावी यासाठी भारतीय मानक 15061 आहे. ग्राहकाने ठोक विक्रेत्याला त्याबद्दल विचारावे आणि विक्रेत्याने लेखी उत्तर द्यावे. आपण पेढीवर धागा जाळून सूत ओळखतो. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टर वितळून काळी कडक गोळी बनते. तेवढ्याने मानकाची परीक्षा होत नाही, पण कोणी पॉलिस्टर सुती म्हणून विकत असेल तर ते मात्र उघडे पडते.

काचेबद्दल थोडे. पावसाळ्यात काच आतून धुरकट झाली तर ए.सी. चालू करून हवेचा झोत काचेवर घ्यावा आणि बाहेरची हवा आत येऊ द्यावी. काच बाहेरून धुरकटली असेल तर ए.सी. जास्त थंड झाला आहे असे समजून तो कमी करावा व वायपर चालवावा. डॅशबोर्डला चकाकणारे पॉलिश लावू नये, ते दिवसा काचेत उमटते.

कारीगर भाईंना दोन शब्द

आमचे हे म्हणणे ऐकून वायरिंगवाले आणि सीट कव्हरवाले म्हणतील, गिऱ्हाईक मागते ते आम्ही देतो. आम्ही नाही दिले तर पलीकडचा देईल. धंद्याची ही अडचण खरी आहे आणि ती आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण कच्च्या रंगाची साडी मागणीला येते म्हणून पक्क्या रंगाची सांगून विकणारा व्यापारी किती दिवस टिकला? गाड्या झपाट्याने बदलत आहेत. जोड देऊन दिवे लावण्याचे जुने काम कमी होत जाणार. टिकेल तो कारीगर जो सांगू शकेल की या सीटमध्ये एअरबॅग आहे, इथे हे कव्हर मी घालणार नाही, त्याऐवजी हे घ्या. असे सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक चार माणसे घेऊन परत येते. घरातला एखादा मुलगा आय.टी.आय.मध्ये मोटारीचे काम शिकला तर वडिलांचा हुनर आणि त्याचे शिक्षण मिळून दुकान उभे राहील. व्यापाऱ्यांनीही अशा कारीगराला दोन पैसे जास्त देण्यात कंजुषी करू नये.

मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. येत्या शुक्रवारी संध्याकाळी अर्धा तास काढावा. गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी करून डिप्परची रेघ कुठे पडते तिथे खडूने खूण करावी. मग डिकीत नेहमीचा माल भरून पुन्हा पाहावे आणि आकड्याचे चाक फिरवून झोत खुणेवर आणावा. घरातल्या कोणाला मागे उभे करून ब्रेकचे, वळणाचे, नंबरपाटीचे दिवे तपासावेत. शेवटी मागच्या सीटवर हात घालून बेल्टची तिन्ही कुलपे वर काढावीत. याला एक पैसाही लागत नाही.