खापर बॅटरीवर कशाला?
‘बॅटरी मरते म्हणून अमेरिकेत लीजवरून परतलेल्या इलेक्ट्रिक गाड्या मातीमोल होतात,’ हे गेल्या अंकातल्या पत्रलेखकांचं म्हणणं पटलं नाही. बॅटरीला बहुधा आठ वर्षं किंवा एक लाख मैलांची हमी असते. खरं कारण किमतीत आहे: जानेवारी २०२३मध्ये टेस्लाने नव्या गाड्यांचेच भाव उतरवले. मग जुनीला कोण विचारतो? त्यात लीजच्या गाडीवर सप्टेंबर २०२५पर्यंत ७,५०० डॉलरपर्यंतची करसवलत होती, म्हणजे छापील किंमत आधीच फुगवलेली. मुदत संपली की ग्राहक किल्ली देऊन मोकळा, ठरलेल्या आणि बाजारातल्या किमतीतला फरक लीज कंपनीच्या बोकांडी! आम्ही लीजवरून परतलेली अशीच एक गाडी घेतली. पूर्ण चार्जला किती मैल दाखवते ते पाहिलं, आणि डिकीत चार्जिंगची केबल आहे ना, तेही. (ती बऱ्याचदा गायब असते.) कंपनीचा तोटा आमच्या पथ्यावर पडला.
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी