सनद कामगाराच्या कामी यावी

३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमधल्या हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली. आत झोपलेले सहा कामगार गेले. अशा मृत्यूंसाठी वारसांना भरपाई देण्याची तरतूद कायद्यात १९२३ पासून आहे. पण ती राबवून घ्यायला कामगाराच्या बाजूने कुणीतरी उभं राहावं लागतं.

या शहरात माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय आहे, २०१७ पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे. कामगारांसाठी लढायची इच्छा असलेले तरुण वकीलही आहेत. त्यांची अडचण पोटाची आहे. ज्युनिअरला शहरात महिना किमान २० हजार, ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावं, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवलं. पण ते बंधनकारक नाही. घरून पैसा येणाऱ्याचं निभतं. ज्याचे आईवडील ऊसतोडीला जातात किंवा कंपनीत ठेकेदाराकडे राबतात, ज्याला हे प्रश्न आतून माहीत आहेत, तोच आधी गळतो.

वर हे काम चिकाटीचं. कंत्राटी कामगाराकडे बहुधा नेमणूकपत्र नसतं. ‘हा आमचा माणूसच नाही,’ म्हणून कंपनी हात झटकते. मग पीएफचा हिशेब, ईएसआयचं कार्ड, गेटपास, बँकेत जमा झालेला पगार, सोबत्यांची साक्ष यांतून नोकरी सिद्ध करावी लागते. हे वाळूज परिसरातल्या बजाजनगर-रांजणगावच्या कामगारांच्या खोल्यांत बसूनच शिकता येतं. २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या कामगार संहितांनी नेमणूकपत्र सक्तीचं केलं, हे चांगलंच झालं. पण ते मागितल्यावर उद्या कामावर घेतील का, ही धास्ती संहितेने जात नाही.

वाट कायद्यातच आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने वाळूजमध्ये शिफ्ट सुटायच्या वेळी दर आठवड्याला सल्ला केंद्र चालवावं. तिथे तरुण वकिलांना बसवावं, विधीच्या विद्यार्थ्यांना कागद जुळवायला जोडीला द्यावं आणि वकिलांचं मानधन जगण्यापुरतं, वेळेवर द्यावं.

मजूर खातं सांभाळलेल्या बॅरिस्टर आंबेडकरांनी १९५० साली इथे मिलिंद महाविद्यालय उभारलं. कष्टकऱ्यांची मुलं शिकली, वकील झाली. त्यांना कामगारांच्या बाजूने टिकून राहता यावं, ही आता वकील संघाची, सिनिअर वकिलांची आणि सरकारची जबाबदारी आहे.