सोलापूरच्या सुपुत्राचा वारसा

हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना 27 जानेवारी 1926 रोजी झाली. तिचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 मध्ये सोलापुरात झाला. घराण्याचा कापूस आणि सावकारीचा धंदा सोडून त्यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेचे कंत्राट घेतले. पुढे त्यांच्या कंपनीने भोर घाटात रेल्वेचे बोगदे खोदले. परक्या कंपन्यांची मक्तेदारी असलेल्या क्षेत्रात देशी उद्योजकाने मिळवलेले हे मोठे यश होते.

1953 मध्ये वालचंद निवर्तले, तरी कंपनीची सूत्रे हिराचंद घराण्याकडेच राहिली. धाकटे बंधू गुलाबचंद यांचे चिरंजीव अजित गुलाबचंद यांच्या काळात वांद्रे-वरळी सागरी सेतू उभा राहिला. याच काळात लवासा हे गिरिनगर वसवणाऱ्या उपकंपनीने कर्जाचा डोंगरही दाखवला. ती उपकंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. शेअर बाजारात नोंदणीकृत कंपनीची मालकी भागधारकांमध्ये विभागलेली असते. म्हणूनच घराण्याची पुण्याई कितीही मोठी असली, तरी कर्जाचा हिशेब चोख आणि उघड हवा.

सोलापूरने वालचंदांचे नाव महाविद्यालयांना दिले, हे उचितच झाले. आता त्यांच्या उद्योगाची कागदपत्रे, नकाशे आणि छायाचित्रे जपणारे संग्रहालय शहरात उभारावे. महापालिका आणि उद्योजकांनी त्यासाठी पुढाकार घ्यावा.