पाय बुटासाठी की बूट पायासाठी?

'पायातली वहाण पायातच बरी' अशी एक म्हण आपल्याकडे आहे. ती बहुतेक वेळा कोणाला उद्देशून वापरली गेली हे येथे उगाळत बसत नाही. मुद्दा इतकाच की, ज्या बाईला उद्देशून ती म्हटली गेली, तिच्या स्वतःच्या पायातली वहाण तिला नीट बसते की नाही याची चौकशी मात्र कोणी केली नाही. खेळाच्या मैदानावर तर आजही कोणी करीत नाही. संपादक मंडळाने 'क्रीडाविभागातर्फे काहीतरी लिहून द्या' असे सांगितले तेव्हा त्यांना बहुधा विजयाची वर्णने हवी असावीत. पण यंदाचे विजय मुलांच्या व्हॉलीबॉल संघाचे आहेत आणि त्यांचा वृत्तान्त जिमखान्याच्या अहवालात आलेलाच आहे. तेव्हा मी आपली बुटांकडे वळते.

आपल्या महाविद्यालयात मुलींचा फुटबॉल संघ सुरू होऊन दोन वर्षे झाली. संघात आम्ही सोळाजणी आहोत. गेल्या वर्षी जिमखान्याने आमच्यासाठी सोळा जोड बूट मागवले, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत आणि हे मी उपरोधाने लिहीत नाही. बूट आले ते असे : सहा नंबरचे सहा जोड, सात नंबरचे सात आणि आठ नंबरचे तीन. दुकानदाराने मुलांच्या संघासाठी नेहमी जातात तेच नंबर बांधून दिले होते. आमच्या गोलरक्षिकेचा पाय तेवीस सेंटिमीटरांचा, म्हणजे चार नंबरचा. नंबरानंबरात एक तृतीयांश इंचाचे, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरांचे अंतर असते. इंग्रजांनी जवाच्या दाण्यावरून ठरवलेले हे माप आपण अजून चालवतो आहोत. दोन नंबर मोठा बूट म्हणजे बोटांपुढे सतरा मिलिमीटरांची पोकळी. त्या पोकळीत तिने वर्तमानपत्राचा बोळा कोंबला आणि पायात दोन दोन मोजे चढवले. असा बूट घालून चेंडू मारला की पाय आधी जातो आणि बूट मागाहून येतो. हंगाम संपेपर्यंत सोळापैकी अकराजणींच्या टाचांना फोड आले होते.

यावर नेहमीचे उत्तर असते : 'मग पुरुषांच्या बुटातला लहान नंबर घ्या.' दुकानातही हेच ऐकू येते आणि तो लहान नंबरही बहुधा शिल्लक नसतो. मग लहान मुलांच्या कपाटातला, प्लॅस्टिकच्या तळाचा, रंगीबेरंगी जोड पुढे केला जातो. पण प्रश्न केवळ लांबीचा नाही. कारागीर ज्या साच्यावर बूट चढवतो त्याला कलबूत म्हणतात. बुटाचा आकार पायावरून ठरत नाही, कलबुतावरून ठरतो. आणि खेळाच्या बुटांचे कलबूत वर्षानुवर्षे पुरुषाच्या पायावरून घडत आले. बाईचा पाय म्हणजे पुरुषाच्या पायाची लहान प्रत नव्हे. चवड्याच्या मानाने तिची टाच अरुंद असते. त्यामुळे पुरुषी कलबुतावरचा बूट चवड्याला बरोबर बसला तर टाचेला सैल होतो आणि टाचेला बरोबर बसला तर चवडा आवळतो. लांबी जुळली म्हणून बूट जुळला, हे म्हणणे उंची जुळली म्हणून लग्न जमले असे म्हणण्यासारखे आहे. (आमच्या नात्यात असे एक लग्न जमलेले आहे, पण तो निराळ्या लेखाचा विषय.)

हे रडगाणे केवळ आमच्या गावचे आहे असे समजू नये. युरोपातील फुटबॉल क्लबांच्या संघटनेने २०२३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. तेथील वरच्या दर्जाच्या खेळाडू स्त्रियांपैकी ८२ टक्के जणींनी बुटांचा त्रास होतो असे सांगितले. ज्यांच्या सामन्यांना हजारोंची गर्दी होते त्यांची ही कथा! बड्या कंपन्यांना स्त्रीच्या पायावरून फुटबॉलचा बूट घडवावा असे वाटू लागले तेही याच सुमारास.

आता एक जरा दूरचे, पण मला फार बोलके वाटणारे उदाहरण सांगते. माझी मावसबहीण अमेरिकेत, फ्लोरिडात असते. तिच्या बारा वर्षांच्या मुलीला वॉटर स्कीइंगचे वेड लागले. पायात लांब फळ्या अडकवायच्या, मोटारबोटीला बांधलेला दोर धरायचा आणि पाण्यावरून घसरत जायचे, असा हा खेळ. १९२२ मध्ये मिनेसोटातल्या पेपिन सरोवरावर राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने तो सुरू केला. पाइन लाकडाच्या फळ्यांची टोके त्याने उकळत्या पाण्यात वाकवली आणि पाय धरून ठेवायला फळ्यांवर चामड्याचे पट्टे ठोकले. आज त्या पट्ट्यांच्या जागी रबरी जोड असतो, त्याला बाइंडिंग म्हणतात. (आपल्या ग्रंथालयातल्या बाइंडिंगशी त्याचा संबंध नाही, ते पान धरून ठेवत नाही, हे पाय धरून ठेवते.)

या बाइंडिंगकडून दोन परस्परविरुद्ध कामांची अपेक्षा असते. उभे असताना त्याने पाय पक्का धरावा आणि पडताना तो सोडावा. स्पर्धेतील स्लॅलम प्रकारात दोन्ही पाय एकाच फळीवर एकामागे एक असतात आणि स्त्रियांच्या स्पर्धेत बोटीचा वेग ताशी ५५ किलोमीटरपर्यंत जातो. अशा वेळी एक पाय सुटला आणि दुसरा अडकून राहिला, तर ती सारी फळी त्या एका घोट्याला पिळा घालते. म्हणून जोड सैल असून चालत नाही, तसाच आवळूनही चालत नाही. ताईने दुकाने पालथी घातली. 'लेडीज' म्हणून जे समोर आले त्यातले पुष्कळसे पुरुषांचेच जोड, वर फक्त गुलाबी रंग दिलेला. पोरीची टाच आत डुलत होती. शेवटी एका जुन्या जाणत्या बाईने तिला युक्ती सांगितली : पाय आणि रबर साबणाच्या पाण्याने ओले करून जोड घालावा, गुडघे वाकवून उभे राहावे आणि टाच उचलून पाहावी. टाच उठता कामा नये, बोटे पुढे दुमडता कामा नयेत, आणि पाय नेटाने ओढला तर बाहेर यायला हवा. 'पुढच्या वर्षीही चालेल' असा वाढत्या अंगाचा जोड मुळीच घेऊ नये, असेही त्या बाईने बजावले. हे ऐकून ताईला आपल्या आईची आठवण झाली असणार, कारण आमच्या घरात फ्रॉकपासून चपलेपर्यंत सगळे वाढत्या अंगाचेच घेतले जाई.

हा वाढत्या अंगाचा हिशेब तर महाविद्यालयीन मुलींना अजिबात लागू नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली. त्यात आढळले की, मुलीच्या पायाची वाढ सरासरीने अकराव्या वर्षाच्या सुमारास पुरी होते, मुलाची पंधरा-सोळाव्या वर्षी. दुसरे असे दिसले की, आपल्या लोकांचा पाय युरोपीय पायापेक्षा रुंद असतो. म्हणजे भारतीय मुलीच्या वाट्याला दुहेरी परकेपणा येतो : बूट पुरुषाचा आणि तोही परदेशी पुरुषाचा. या पाहणीवरून 'भा' नावाची स्वदेशी मापपद्धती सुचवली गेली. तिच्यात बारा-तेरा वर्षांच्या मुलींचा आणि प्रौढ स्त्रियांचा असे स्वतंत्र गट आहेत. मला ही बातमी अर्थसंकल्पाच्या बातम्यांहून महत्त्वाची वाटली.

स्वप्ना बर्मनचे नाव सर्वांना ठाऊक असेल. जलपायगुडीच्या या मुलीने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत हेप्टॅथलॉनचे सुवर्णपदक मिळवले. धावणे, उड्या आणि फेक मिळून सात प्रकार, दोन दिवस. तिच्या दोन्ही पायांना सहा सहा बोटे आहेत आणि साधे बूट तिला आवळतात, दुखतात. पदक मिळाल्यावर तिने मागणी केली ती बसतील अशा बुटांची. पुढे अदिदास कंपनीने तिच्या पायाचे माप घेऊन बूट करून दिले. चांगलेच झाले. पण क्रम पाहा : आधी सुवर्णपदक आणि मग माप! जिला पदक मिळणार नाही तिचे काय?

काही मित्र म्हणतात, 'कविता राऊत सावरपाड्याच्या वाटांवर अनवाणीच पळायला शिकली, तुम्हांला एवढे चोचले कशाला?' कविताताईंबद्दल मला अपार आदर आहे. पण २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक घेताना त्या अनवाणी नव्हत्या. आणि अनवाणी पाय चुकीच्या बुटातल्या पायापेक्षा पुष्कळ सुखी असतो, हेही ध्यानात घ्यावे. आपली खो-खोची मुले मातीवर अनवाणी खेळतात, त्यांच्या टाचांना असे फोड आलेले मी पाहिलेले नाहीत. कबड्डी मॅटवर गेली तेव्हापासून मात्र तिथेही बुटांचा प्रश्न आला आहे. खर्चाचा आक्षेप त्याहून कच्चा. चार नंबरच्या बुटाला आठ नंबरच्या बुटापेक्षा जास्त पैसे पडत नाहीत. पडतात ते न वापरता कपाटात ठेवलेल्या आठ नंबरच्या तीन जोडांना. ते जोड आजही जिमखान्यात, बुद्धिबळाच्या पटांखाली, कोरे करकरीत पाहायला मिळतील.

आमच्या आजोळी कोल्हापुरी वहाणा करणारे एक वृद्ध कारागीर येत. ते आधी कागदावर पाय ठेवायला सांगत आणि भोवतीने पेन्सिल फिरवीत. बाई असो की पुरुष, दोन्ही पायांची रेघ ते वेगळी काढत, कारण माणसाचे दोन पाय सारखे नसतात हे त्यांना ठाऊक होते. एवढेच आपल्याला करायचे आहे. माप संध्याकाळी, सरावानंतर घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. खेळताना घालतो तेच मोजे घालून, उभे राहून घ्यावे. लांबीबरोबर चवड्याची आणि टाचेची रुंदीही लिहावी. आणि मोठा पाय असेल त्याप्रमाणे नंबर धरावा. मागणीपत्रात 'मुलींचे बूट, सोळा जोड' असे न लिहिता सोळा ओळी लिहाव्यात.

परवाच्या सरावानंतर आम्ही दोघींनी कागद, पेन्सिल आणि फूटपट्टी घेऊन सोळाजणींची मापे घेतली. पाऊण तास लागला. तीन नंबरच्या तिघी निघाल्या, चारच्या सहा, पाचच्या पाच आणि सहाच्या दोघी. सात आणि आठच्या एकही नाही. खरेदीची बैठक जूनमध्ये असते. तक्ता सरांच्या टेबलावर, पेपरवेटखाली ठेवला आहे.